वेग मोठा की नजर मोठी?



'एकच क्षेपणास्त्र पुरे, लाख टनांची विमानवाहू नौका समुद्राच्या तळाशी जाईल!' अशा अर्थाचे मथळे तुमच्या वाचनात आले असतील. कधी याच्या अगदी उलट मजकूरही वाचायला मिळतो : 'विमानवाहू नौका म्हणजे समुद्रावरचा अभेद्य किल्ला!' ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत हे उघड आहे. माझ्या मते ती दोन्ही अर्धवट आहेत आणि अर्धवट असल्यामुळेच धोक्याची आहेत. पण केवळ मी म्हणतो म्हणून ते मानू नका. कागद-पेन्सिल जवळ घ्या. यापुढे लागणारे बहुतेक गणित नववी-दहावीच्या पुस्तकातले आहे.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा आहे असेही समजू नका. भारताकडे दोन विमानवाहू नौका आहेत. 'विक्रमादित्य' २०१३ साली नौदलात दाखल झाली आणि कोचीला बांधलेली नवी 'विक्रांत' २ सप्टेंबर २०२२ रोजी. 'विक्रांत'ला सुमारे वीस हजार कोटी रुपये खर्च आला आणि तिच्यावर सुमारे सोळाशे माणसे राहतात. तिसरी नौका बांधावी की नाही, हा वाद गेली अनेक वर्षे चालू आहे. तुमच्यापैकी बरेच जण तीन-चार वर्षांत मतदार होतील. एवढा पैसा आणि एवढे जीव ज्यात गुंतले आहेत, त्याबद्दल मत बनवायचे ते मथळ्यांवरून की हिशोबावरून, हे तुम्हालाच ठरवायचे आहे.

तरंगता विमानतळ

विमानवाहू नौका म्हणजे हलता विमानतळ. अमेरिकेच्या 'निमिट्झ' वर्गातील नौका सुमारे ३३३ मीटर लांब असते आणि तिची धावपट्टीची बाजू सर्वांत रुंद ठिकाणी ७७ मीटर भरते. वजन सुमारे एक लाख टन. इतके असूनही ती ताशी ३० नॉटहून अधिक, म्हणजे ताशी ५५ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने धावू शकते. आपली 'विक्रांत' २६२ मीटर लांब आहे.

अशी नौका कधीच एकटी फिरत नाही. तिच्याभोवती विनाशिका, पाणबुड्या आणि रसद पुरवणारी जहाजे असतात. जमिनीवरच्या विमानतळाची जागा शत्रूला कायमची ठाऊक असते. हा विमानतळ मात्र सकाळी एका ठिकाणी असला तर संध्याकाळी चारपाचशे किलोमीटर दूर गेलेला असू शकतो. नौकेचे खरे संरक्षण तिच्या पोलादात नसून या हालचालीत आहे. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता प्रतिपक्षाकडे वळू. बॅलिस्टिक क्षेपणास्त्र म्हणजे, सोप्या भाषेत, वर भिरकावलेला दगड. पहिली काही मिनिटे अग्निबाण त्याला ढकलतो. मग इंजिन बंद होते आणि पुढचा प्रवास गुरुत्वाकर्षणाच्या हवाली असतो. असे क्षेपणास्त्र एखादे शहर किंवा विमानतळ यांसारख्या स्थिर लक्ष्यावर टाकणे सोपे, कारण दगड सुटला त्याच क्षणी तो कोठे पडणार हे ठरलेले असते. हलत्या जहाजावर ते टाकण्याची कल्पनाही जुनीच आहे. सोव्हिएत रशियाने १९७०च्या दशकात पाणबुडीतून सोडण्याच्या 'आर-२७के' या क्षेपणास्त्राच्या चाचण्या घेतल्या होत्या. ते जहाजांच्या रडारलहरींचा माग काढी आणि नेम थोडा चुकला तरी चालावे म्हणून त्याच्या टोकाला अण्वस्त्र होते. मोठ्या प्रमाणावर मात्र ते कधी वापरात आले नाही. १९८३ साली अमेरिकेने पश्चिम जर्मनीत 'पर्शिंग-२' हे क्षेपणास्त्र आणले. उतरतीला लागल्यावर खालच्या भूभागाचे रडारचित्र पाहून ते आपला मार्ग सुधारत असे. दगडाला शेवटच्या टप्प्यात डोळा फुटला तो असा. १९८७च्या तहानंतर ही क्षेपणास्त्रे मोडीत काढण्यात आली, पण कल्पना काही मोडीत निघाली नाही.

मार्च १९९६ मध्ये तैवानवरून तणाव वाढला, तेव्हा अमेरिकेने त्या भागात विमानवाहू नौकांचे दोन ताफे पाठवले. तो प्रसंग चीनच्या मनाला लागला असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे चीनने 'डीएफ-२१डी' हे सुमारे दीड हजार किलोमीटर पल्ल्याचे, मालमोटारीवरून डागण्याचे जहाजविरोधी बॅलिस्टिक क्षेपणास्त्र तयार केले. सप्टेंबर २०१५ मध्ये बीजिंगच्या संचलनात ते जगाला दाखवण्यात आले. त्याच संचलनात सुमारे चार हजार किलोमीटर पल्ल्याचे 'डीएफ-२६'ही होते. ऑगस्ट २०२० मध्ये चीनने दक्षिण चिनी समुद्रात क्षेपणास्त्रे डागली, तेव्हा ती याच दोन जातींची असल्याच्या बातम्या होत्या.

लगोरीचा चेंडू

लगोरी खेळताना पळणाऱ्या गड्याला चेंडू मारायचा असेल, तर तो आता जेथे आहे तेथे तुम्ही नेम धरत नाही. चेंडू पोहोचेपर्यंत तो जेथे जाईल तेथे मारता. आता अशी कल्पना करा की चेंडू हातातून सुटायला आणि गड्यापर्यंत पोहोचायला दहा मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात गड्याला हवे तिकडे वळण्याची मुभा आहे!

दीड हजार किलोमीटरवर जाणाऱ्या क्षेपणास्त्राला किती वेळ लागतो ते पाहू. हवेचा विरोध आणि पृथ्वीची गोलाई क्षणभर विसरा. ४५ अंशांत फेकलेली वस्तू सर्वांत दूर जाते आणि तो पल्ला म्हणजे वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरण. म्हणून वेगाचा वर्ग = १५,००,००० × ९.८ = १,४७,००,०००. याचे वर्गमूळ सुमारे ३,८३४. म्हणजे वेग सेकंदाला सुमारे ३.८ किलोमीटर, ध्वनीच्या वेगाच्या अकरापट! वर जायला सुमारे २७७ सेकंद, खाली यायला तितकेच. एकूण प्रवास सव्वानऊ मिनिटांचा आणि गाठलेली उंची ३७५ किलोमीटर. खरे आकडे थोडे वेगळे येतील, पण आपल्या अंदाजाला एवढे पुरे. सोयीसाठी दहा मिनिटे धरू.

दहा मिनिटांत ३० नॉटने धावणारी नौका सुमारे सव्वानऊ किलोमीटर सरकते. कोणत्या दिशेला, ते डागणाऱ्याला ठाऊक नाही. म्हणजे सव्वानऊ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात ती कोठेही असू शकते. क्षेत्रफळ काढा : सुमारे २७० चौरस किलोमीटर. निमिट्झच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ लांबी गुणिले रुंदी असे ढोबळमानाने काढले तरी ०.०२६ चौरस किलोमीटरच भरते. भागाकार करा. डोळे मिटून टाकलेले क्षेपणास्त्र नौकेवर पडण्याची शक्यता दहा हजारांत एक इतकीच उरते!

एवढ्यावर ते संपत नाही. नौका दिसली ती बातमी मुख्यालयात जायची, कोणीतरी खात्री करून हुकूम द्यायचा, मालमोटारीवरचे क्षेपणास्त्र उभे करायचे. यात आणखी वीस मिनिटे गेली असे धरा. एकूण अर्धा तास झाला. वेळ तिप्पट, म्हणून वर्तुळाची त्रिज्या तिप्पट आणि क्षेत्रफळ नऊपट. सुमारे २,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या चौपट प्रदेश. वीस मिनिटांच्या उशिराची किंमत एवढी असते.

यावरून काय दिसते? क्षेपणास्त्राला उड्डाण चालू असताना नौकेच्या नव्या जागेची खबर मिळत राहिली पाहिजे आणि शेवटी त्याने स्वतःच्या रडारने तिला हेरले पाहिजे. यांतले काही नसेल तर अकरापट वेगाचा उपयोग शून्य.

समुद्र मोठा आहे

"पण आता उपग्रह आहेत ना! आकाशातून सगळे दिसते," असे तुम्ही म्हणाल. दिसते, पण सगळे नाही आणि सगळ्या वेळी तर नाहीच.

प्रथम पृथ्वीच्या गोलाईकडे पाहू. डोळ्याची उंची मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ काढा आणि त्याला ३.५७ने गुणा. क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते मिळेल. तीस मीटर उंच डोलकाठीवरून क्षितिज २० किलोमीटरच्याही अलीकडे संपते. दीड हजार किलोमीटर दूरच्या किनाऱ्यावरून नौका दिसण्याचा प्रश्नच नाही. त्यामुळे विमाने, आयनांबरावरून लहरी परतवून क्षितिजापलीकडे पाहणारी रडार यंत्रे आणि उपग्रह यांची मदत घ्यावी लागते. पृथ्वीजवळून फिरणारा उपग्रह सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर धावतो. एखाद्या ठिकाणावरून तो काही मिनिटांत निघून जातो आणि पुन्हा येईपर्यंत पृथ्वी त्याच्याखाली फिरलेली असते. सतत पहारा हवा असेल तर असे पुष्कळ उपग्रह लागतात. भूस्थिर उपग्रह एकाच जागी राहतो खरा, पण तो सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचावर असतो. तेथून बारीक वस्तू ओळखणे कठीण जाते. दक्षिण चिनी समुद्र एकटाच सुमारे पस्तीस लाख चौरस किलोमीटरांचा आहे आणि त्यात व्यापारी जहाजांची रीघ लागलेली असते. तेलाचे मोठे जहाजही ३०० मीटरांहून लांब असते. दिसलेला ठिपका युद्धनौकेचा की तेलवाहू जहाजाचा, हे ठरवणे हे आणखी एक काम.

नजर चुकवणे किती मोलाचे असते, हे आपल्या इतिहासातही आहे. १९७१च्या युद्धात पाकिस्तानने 'गाझी' ही पाणबुडी जुन्या 'विक्रांत'च्या शोधात बंगालच्या उपसागरात पाठवली. 'विक्रांत' विशाखापट्टणमजवळच आहे असा देखावा आपल्या नौदलाने उभा केला. प्रत्यक्षात ती अंदमानकडे होती. 'गाझी' विशाखापट्टणमच्या बाहेर बुडाली आणि ४ डिसेंबरपासून 'विक्रांत'च्या विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले. हीच 'विक्रांत' पुढे २०१२ पर्यंत संग्रहालय म्हणून मुंबईच्या बंदरात उभी होती. तुमच्या शिक्षकांपैकी काहींनी ती आतून पाहिली असेल. त्यांना अवश्य विचारा.

वेगाची दुसरी बाजू

वेगाला मी कमी लेखतो आहे असे समजू नका. पाचशे किलोग्रॅमचे स्फोटक शीर्ष सेकंदाला दोन किलोमीटर वेगाने आदळले, तर गतिज ऊर्जा किती? अर्धा × ५०० × २,००० × २,००० = १०० कोटी ज्यूल. ताशी ६० किलोमीटरने धावणाऱ्या दहा टनांच्या एस.टी. गाडीची ऊर्जा काढून पाहा. अशा सुमारे सातशे गाड्या एकाच जागी एकाच क्षणी धडकल्या, तर जो आघात होईल तेवढा हा आहे. शिवाय स्फोटकाचा आघात वेगळाच. नौका बुडाली नाही तरी धावपट्टी फुटेल, आणि धावपट्टी फुटलेला विमानतळ काय कामाचा?

पण अफाट वेगाची किंमतही मोजावी लागते. दाट हवेत शिरताना क्षेपणास्त्राभोवतीची हवा इतकी तापते की तिचे प्लाझ्मामध्ये रूपांतर होते आणि रडारच्या लहरींना अडथळा होतो. आंधळ्याने नेम कसा धरायचा? म्हणून शेवटच्या टप्प्यात वेग कमी करावा लागतो, आणि वेग कमी झाला की बचाव करणाऱ्याला थोडी उसंत मिळते.

दुसरी गंमत पाहा. पाण्याला लागून उडणारे क्रूझ क्षेपणास्त्र क्षितिजाआड लपून येते. ते पाच मीटर उंचीवरून येत असेल, तर तीस मीटर उंचीवरच्या रडारला सुमारे २७ किलोमीटरवर प्रथम दिसते. ते ध्वनीपेक्षा थोड्या कमी वेगाचे असले तर हाती दीड मिनिट उरते, आणि 'ब्राह्मोस'सारखे ध्वनीच्या २.८ पट वेगाचे असले तर जेमतेम अर्धे मिनिट. बॅलिस्टिक क्षेपणास्त्र मात्र ३७५ किलोमीटर उंच चढते. वर दिलेले सूत्र वापरा. तेवढ्या उंचीवरून क्षितिज दोन हजार किलोमीटरांच्याही पलीकडे असते. म्हणजे ते लपू शकत नाही! पुरेशा ताकदीचे रडार योग्य दिशेला रोखलेले असेल, तर ते कित्येक मिनिटे आधी दिसते. ३० जानेवारी २०२४ रोजी तांबड्या समुद्रात अमेरिकेच्या 'ग्रेव्हली' या विनाशिकेच्या सर्वांत जवळ, सुमारे एक मैलापर्यंत, जे अस्त्र येऊन पोहोचले ते साधे क्रूझ क्षेपणास्त्र होते. अखेर जवळ मारा करणाऱ्या तोफेने ते पाडले. 'अधिक वेग म्हणजे अधिक धोका' हे समीकरण इतके सरळ नाही, ते यावरून दिसते.

साखळी आणि तिच्या कड्या

आता सगळे एकत्र मांडू. नौकेवर आघात होण्यासाठी पाच गोष्टी ओळीने घडल्या पाहिजेत : (१) नौका सापडली पाहिजे; (२) ती हीच, हे ओळखता आले पाहिजे; (३) डागण्याच्या क्षणापर्यंत आणि उड्डाणातही ती नजरेत राहिली पाहिजे; (४) क्षेपणास्त्राने शेवटी स्वतः तिला हेरले पाहिजे; आणि (५) त्याने बचावाची फळी भेदली पाहिजे.

समजा, प्रत्येक कडी दहापैकी आठ वेळा जमते. म्हणजे प्रत्येकीची संभाव्यता ०.८. ऐकायला उत्तम! पण पाची एकापाठोपाठ जमण्याची संभाव्यता ०.८चा पाच वेळा गुणाकार, म्हणजे सुमारे ०.३३ येते. तीनांतून एक. प्रत्येक कडी ०.९ केली तर ०.५९. पण चार कड्या ०.९ आणि एकच कडी ०.२ असेल, तर? उत्तर ०.१३. एक कच्ची कडी बाकीच्या चारही पक्क्या कड्यांना निकामी करते. हे आकडे मी केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत, पण तत्त्व खरे आहे. मथळ्यात मात्र वेग आणि पल्ला यांचीच बढाई असते. नुसता वेग वाढवला तर त्याचा मुख्य उपयोग पाचव्या कडीला होतो. पहिल्या चार कड्या नजरेच्या आहेत.

"एक चुकले तर चार सोडू," असे कोणी म्हणेल. तीनांतून एक या हिशोबाने चारांपैकी निदान एक लागण्याची संभाव्यता सुमारे ०.८ होते. पण येथे एक खोच आहे. हा हिशोब चारही प्रयत्न एकमेकांपासून स्वतंत्र असतील तेव्हाच लागू पडतो. नौकेची जागाच चुकीची कळली असेल, तर चारच काय, चाळीसही समुद्रात जातील. संभाव्यतेचा धडा शिकवताना हे उदाहरण वर्गात घ्यावे, अशी शिक्षकांना विनंती आहे.

हे गणित बचावालाही लागू आहे. 'आयएनएस कोलकाता' या आपल्या विनाशिकेवर ३२ 'बराक-८' क्षेपणास्त्रे असतात. येणाऱ्या प्रत्येक अस्त्रावर दोन सोडायची म्हटली, तर सतरावे अस्त्र आले की भाता रिकामा. म्हणून 'अभेद्य किल्ला' हा शब्दही खोटा.

इतिहासाचे दोन धडे

'ते प्रयोगात जमले, युद्धात जमेलच असे नाही' हा युक्तिवाद नेहमी केला जातो. जुलै १९२१ मध्ये अमेरिकेच्या बिली मिचेल यांच्या वैमानिकांनी 'ऑस्टफ्रीसलँड' ही जप्त केलेली जर्मन युद्धनौका बाँब टाकून बुडवली. टीकाकार म्हणाले, ती नांगरून ठेवलेली होती, तिच्यावर माणूस नव्हता, कोणी उलट गोळीबार केला नाही. टीका बरोबरच होती. पण वीस वर्षांनी, १० डिसेंबर १९४१ रोजी, जपानी विमानांनी मलायाजवळ ब्रिटनच्या 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' या दोन मोठ्या नौका बुडवल्या. त्या धावत होत्या आणि तोफा डागत होत्या. आठशेहून अधिक खलाशी मेले. आज वाळवंटात उभारलेल्या विमानवाहू नौकांच्या आकृती उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसतात. चीनच्या तक्लामकान वाळवंटातल्या २०२१च्या छायाचित्रांत तर रुळांवर सरकणारे लक्ष्यही दिसले. 'ते तर वाळवंटात आहे' असे म्हणून हसणाऱ्यांनी १९४१ विसरू नये.

दुसरा धडा याच्या उलट आहे. ऑक्टोबर १९६७ मध्ये इजिप्तच्या लहानशा नौकांनी 'स्टिक्स' क्षेपणास्त्रांनी इस्रायलची 'इलात' ही विनाशिका बुडवली. डिसेंबर १९७१ मध्ये आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी तेच अस्त्र वापरून कराचीजवळ 'खैबर' बुडवली. मोठ्या जहाजांचे दिवस संपले असे तेव्हाही म्हटले गेले. पण ऑक्टोबर १९७३ मध्ये लताकियाच्या लढाईत सीरियाने सोडलेल्या 'स्टिक्स'पैकी एकही लागले नाही. मधल्या सहा वर्षांत इस्रायलने त्या अस्त्राच्या रडारला फसवण्याची विद्या हस्तगत केली होती.

मग कोणता धडा खरा? दोन्ही. अस्त्राला उतारा सापडला की जुने साधन टिकते. उतारा सापडला नाही तर ते संग्रहालयात जाते. कोण जिंकणार हे घोषणांवर ठरत नाही. प्रयोगशाळेत कोण जास्त मेहनत करतो, यावर ठरते.

माझे मत

आता भारताबद्दल. 'विमानवाहू नौकेचा जमाना संपला' असे मी म्हणणार नाही. जमिनीवरचे विमानतळ क्षेपणास्त्राला याहून सोपे लक्ष्य आहेत, कारण ते हलत नाहीत. शिवाय संकटकाळी अशा नौकेची मदत फार मोलाची असते. डिसेंबर २००४च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाच्या किनाऱ्यावर 'अब्राहम लिंकन' या अमेरिकी नौकेच्या हेलिकॉप्टरांनी मदत पोहोचवली होती.

पण धोका खरा आहे आणि तो जवळ आला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाकिस्तानी नौदलाने जहाजावरून सोडण्याच्या ३५० किलोमीटर पल्ल्याच्या बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची चाचणी केली. आणखी एक गोष्ट आहे. अशा अस्त्राला नौका बुडवावीच लागते असे नाही. धास्तीने ती हजार किलोमीटर दूर उभी राहिली आणि तिची विमाने लक्ष्यापर्यंत पोहोचेनाशी झाली, तरी अस्त्राचे काम झाले. कुंपणावर काटे असले की कोणाला ते टोचण्याची गरज नसते.

म्हणून माझे मत असे की तिसऱ्या नौकेसाठी वीस-पंचवीस वर्षांचा पैसा गुंतवण्याआधी आपण नजर आणि ढाल यांवर खर्च केला पाहिजे. समुद्रावर लक्ष ठेवणारे उपग्रह, सागरी टेहळणीची विमाने, खोटी लक्ष्ये, आणि बॅलिस्टिक अस्त्र हवेतच पाडणारी क्षेपणास्त्रे आधी हवीत. सुरुवात झालेली आहे. नौदलाच्या संदेशवहनासाठी 'जीसॅट-७' हा उपग्रह २०१३ साली सोडण्यात आला. २१ एप्रिल २०२३ रोजी ओडिशाच्या किनाऱ्याजवळ समुद्रावरून सोडलेल्या बचावक्षेपणास्त्राची पहिली चाचणी यशस्वी झाली. हे काम संचलनात मिरवता येत नाही, त्याचे भव्य छायाचित्र निघत नाही. म्हणून ते मागे पडू देऊ नये. लाख टन पोलादाचा अभिमान वाटणे सोपे आहे. रडारच्या संकेतातला खोटा ठिपका वेगळा काढणाऱ्या गणिती मुलीचा अभिमान वाटायला आपण शिकले पाहिजे.

आणि शेवटी, ज्यांच्या जिवावर हे चालते त्यांच्याकडे पाहू. या अस्त्राचा युद्धात पहिला वापर बलाढ्य ताफ्यांच्या लढाईत झालाच नाही. तो नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात आणि एडनच्या आखातात, येमेनच्या किनाऱ्यावरून व्यापारी जहाजांवर झाला. युद्धनौकांवर सोडलेली क्षेपणास्त्रे अमेरिकी विनाशिकांनी हवेत पाडली आणि २०२४ अखेरपर्यंत त्यांतली एकही विनाशिका जायबंदी झाली नाही. मार खाल्ला तो संथ, निःशस्त्र मालवाहू जहाजांनी. अपघात टळावेत म्हणून ही जहाजे आपले स्थान स्वतःच रेडिओवरून सांगत असतात. म्हणजे साखळीतल्या पहिल्या तीन कड्या त्यांनी आयत्याच जुळवून दिलेल्या! फेब्रुवारी २०२४ मध्ये खताने भरलेल्या 'रुबीमार'वर आघात झाला आणि मार्चच्या आरंभी ती बुडाली. ६ मार्च २०२४ रोजी 'ट्रू कॉन्फिडन्स' या जहाजावर क्षेपणास्त्र पडून तीन खलाशी ठार झाले. आग लागलेल्या जहाजावरून पाण्यात उतरलेल्या एकवीस जणांना ज्या युद्धनौकेने वाचवले, ती आपली 'आयएनएस कोलकाता', मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली. वाचलेल्यांत एक भारतीय होता.

कोकणातल्या कित्येक घरांतले कोणी ना कोणी बोटीवर असते. त्या घरांना 'अकरापट वेग' या शब्दांचा अर्थ वेगळा कळतो.

म्हणून पुढच्या वेळी असा मथळा वाचाल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. नौका शोधणार कोण? ती बातमी किती मिनिटांत पोहोचणार? आणि चाचणीतले लक्ष्य हलत होते का? उत्तरे नसतील तर मथळ्याला हुरळू नका आणि घाबरूही नका. कागदावर एक वर्तुळ काढा, त्याची त्रिज्या मोजा आणि मग काय ते ठरवा.